पुष्करनची ओहोटी

पुष्करनला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची आणि ती तो लपवतही नसे. ताटात अन्न टाकून उठणाऱ्यांची यायची, पाय न धुता बोटीवर चढणाऱ्यांची यायची, बोलता बोलता दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकणाऱ्यांची तर यायचीच. लग्न त्यानं केलं नव्हतं. ‘आयुष्यभर दुसऱ्याचं खरकटं कोण काढणार’ असं तो म्हणायचा. खरी गोष्ट अशी की पाहिलेल्या सातही मुलींमध्ये त्याला काही ना काही घाण दिसली होती. पण सगळ्यात जास्त किळस त्याला यायची ती ज्या धंद्यावर त्याचं पोट चालायचं त्याचीच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, वेंबनाडच्या कायलवर, म्हणजे समुद्राला जोडलेल्या त्या लांबलचक सरोवरावर, हाऊसबोट चालवायचा, आणि ‘हाऊसबोट’ म्हणताना तोंडात माशी गेल्यासारखा चेहरा करायचा.

बोट तीच होती, हे त्याचं खरं दुखणं. त्याचा बाप ह्याच बोटींतून भात न्यायचा. काथ्यानं फळ्या शिवलेल्या, एक खिळा म्हणून नसलेल्या. पंधराव्या वर्षी पुष्करनच्या हातात लांब बांबू आला आणि तो बापाच्या मागं उभा राहून पाणी रेटायला शिकला. मग पूल झाले, लॉऱ्या आल्या, बोटी चिखलात कुजत पडल्या. पुढं कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की भाताच्या जागी माणसं भरावीत. छत चढलं, पलंग आले, एसी आला, प्रत्येक खोलीला संडास आला. पुष्करनच्या हातातून बांबू जाऊन चाक आलं.

“भात बरा होता,” तो कुंजुमोनला सांगायचा. कुंजुमोन म्हणजे बोटीवरचा आचारी. “भात गाणी लावा म्हणायचा नाही. भात ओकायचा नाही.”

“भात पगारही देत नव्हता, चेट्टा,” कुंजुमोन म्हणायचा. थोरल्या माणसाला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणायची तिथली रीत. तो चाळिशीचा होता, तीन मुलांचा बाप होता, आणि त्याला कशाचीही किळस येत नसे.

पाहुणे यायचे ते सगळे उत्तरेकडचे. पुष्करनच्या हिशेबी केरळ संपतं त्या कासरगोडच्या पलीकडं सगळी उत्तरच. त्यात पुणंही आलं आणि पाटणाही आला. बोटीवर चढता चढता म्हणायचे, आम्हांला काही घाई नाही हं, सावकाश चला, आम्ही आरामाला आलोय. आणि तासाभरात विचारायचे, आता पुढं काय? पुढं काय! पुढं पाणी. डावीकडं नारळ, उजवीकडं नारळ, आणि काठावर कपडे धुणारी बाई, जिचे हे लोक न विचारता फोटो काढायचे. मग ते खायला लागायचे. खाऊन झालं की हाडं पाण्यात, पिशव्या पाण्यात, पोरांचे लंगोट पाण्यात. पुष्करन चाकावरून मान वळवून बघायचा आणि पुन्हा समोर बघायचा.

आता टाकीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय ह्या माणसाची गोष्ट कळायची नाही. संडासाचं सगळं जातं ते बोटीच्या पोटातल्या टाकीत. ती भरली की धक्क्यावर जाऊन पंपानं उपसून घ्यायची, असा नियम. पण धंद्याच्या दिवसांत धक्क्यावर बोटींची रांग लागते, दोन-दोन तास मोडतात, आणि पाहुणे काही धक्क्यावरचा वास घ्यायला पैसे भरून आलेले नसतात. टाकीला खाली एक कॉक असतो. तो अर्धा फिरवला की वीस मिनिटांत टाकी रिकामी. कोण फिरवतं, हे कायलवर सगळ्यांना ठाऊक, आणि कोणी कुणाला विचारत नाही.

पुष्करनही फिरवायचा. फक्त त्याचा एक नियम होता आणि त्या नियमावर तो स्वतःला इतरांहून वेगळा समजायचा. तो ओहोटीलाच फिरवायचा. काठापासून दूर, खोल पाण्यात, बोट चालती असताना, आणि ओहोटी लागल्यावर. बापानं शिकवलेलं तिथीचं गणित त्याच्या डोक्यात पक्कं होतं. आज चतुर्थी म्हणजे पाणी अमक्या वेळी उतरणार, हे तो झोपेतही सांगायचा. ओहोटी लागली की पाणी उत्तरेला ओढलं जातं, तण्णीरमुक्कमच्या बांधातून पार होतं आणि कोचीकडं समुद्राला मिळतं. समुद्राला काय, समुद्र सगळं गिळतो. डिसेंबरात भाताला खारं पाणी लागू नये म्हणून बांधाची दारं खाली पाडून बंद करतात, मग अलीकडचं पाणी मार्चपर्यंत मेल्यासारखं पडून राहतं, ना भरती ना ओहोटी. दारं पडली की पुष्करन मुकाट्यानं धक्क्यावर रांगेत उभा राहायचा आणि दोन तास सगळ्या जगाला शिव्या घालायचा. बाकीचे बोटवाले बाराही महिने कॉक फिरवायचे, कुठंही, कसेही. ते घाणेरडे. पुष्करन तसा नव्हता.

आणि हे सारं तो स्वतःशी बोलायचा. बहिणीला त्यानं वेगळंच सांगून ठेवलं होतं.

विलासिनी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कायलच्या पश्चिम काठावर एक अरुंद कालवा आत जातो, त्याच्यावर तिचं दोन खोल्यांचं घर, आई-बापाचंच. नवरा गेलेला, मुलगा मस्कतला. ती अजून काथ्या वळायची, एकटी राहायची, आणि आलप्पुऴ्याला फ्लॅट घेऊन देतो म्हणणाऱ्या मुलाला फोनवर हाग्या दम द्यायची. प्यायचं पाणी विकतचं. पण आंघोळ, भांडी, कपडे सगळं दारच्या चार दगडी पायऱ्यांवर. आई आजारी असायची म्हणून पुष्करनला लहानपणी तिनंच त्या पायऱ्यांवर घासून घासून न्हाऊ घातलं होतं. त्याच्या अंगातली ही स्वच्छतेची खाज तिथूनच आलेली.

दोन वर्षांमागं तिनं त्याला सरळच विचारलं होतं. “पुष्करा, खरं सांग. तूसुद्धा सोडतोस का पाण्यात?”

“मी?” पुष्करन म्हणाला होता. “चेची, मला काय मेल्याहून मेल्यासारखं व्हायचंय? माझ्या बोटीचा कॉक गंजलाय, इतका तो कधी फिरत नाही.”

“तेच म्हटलं,” विलासिनी म्हणाली होती आणि त्याला मासा वाढला होता.

त्या डिसेंबरात आईचं श्राद्ध नेमकं नाताळच्या हंगामात आलं. नक्षत्रावर येतं ते, माणसाच्या सोयीनं येत नाही. पुष्करननं मालकाकडं, रेजी मुतलाळीकडं, एक दिवसाची सुटी मागितली. मुतलाळीनं कपाळाला हात लावला. “पुष्करन चेट्टा, आई माझीही गेलीय. पण नाताळात कुणाची आई बोट चालवणार?” शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवसाचा मुक्काम पुष्करननं बहिणीच्या कालव्याच्या तोंडाशी करायचा. सकाळी पाहुणे उठायच्या आत छोट्या होडीनं जाऊन पिंड द्यायचे आणि नाश्त्याला परत.

पाहुणे चौघे म्हणून नोंदवलेले, आले आठ. वर दोन लहान पोरं. त्यांचा म्होरक्या टोपी घातलेला एक जाडा गृहस्थ होता, तो पहिल्याच तासात माडी पिऊन कठड्यावरून खाली ओकला आणि तोंड पुसून म्हणाला, वा, काय शांतता आहे! पुष्करनला श्राद्धाच्या आदल्या दिवशी एकदाच भात खायचा होता, नेमाप्रमाणं, तोही मासा-मटण न शिवता. त्यानं दुपारी केळीच्या पानावर भात आणि ताक घेतलं तेव्हा शेजारून कोंबडीची हाडं पाण्यात पडत होती, एकामागून एक.

“चेट्टा, करिमीन माशाचा तुकडा ठेवू? आई काही बघत नाही,” कुंजुमोन म्हणाला.

“तुझी बघत नसेल.”

“माझी जिवंत आहे ना. जिवंत आया कुठं बघतात!”

तीनच्या सुमाराला वास यायला लागला. दहा माणसं, दोन दिवस, चार माणसांची टाकी. संडासात पाणी वर चढलं. टोपीवाल्याची बायको नाकाला ओढणी लावून वर आली आणि कुंजुमोनला त्यांच्या भाषेत जे बोलली ते भाषांतर न करताही समजण्यासारखं होतं. पुष्करननं बोट धक्क्याकडं वळवली. धक्क्यावर अकरा बोटी उभ्या होत्या. त्यानं मुतलाळीला फोन लावला.

“अकरा आहेत,” तो म्हणाला.

“पाच वाजता मुक्कामाला लागायचंय, चेट्टा. पाचनंतर कोळ्यांची जाळी पडतात, त्यांत बोट घातली तर दंड मी भरू?”

“मग काय करू?”

“तुम्ही काय आज पहिल्यांदा बोट चालवताय? बघा काय ते.” मुतलाळी कधीच ‘कॉक उघड’ म्हणत नसे. ‘बघा काय ते’ म्हणायचा, आणि दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा.

पुष्करननं गणित केलं. तिथी पाहिली, बोटांची पेरं मोजली; साडेचारला पाणी उतरायला लागणार. बांधाची दारं? कोळ्यांचा दारांना विरोध होता, यंदा दारं पाडू देणार नाही म्हणून त्यांनी होड्या आडव्या लावल्या होत्या, आणि चार दिवसांमागं जेट्टीवर सगळे म्हणत होते की नाताळ होईतो दारं काही पडत नाहीत. त्यानंतर पुष्करनच्या दोन फेऱ्या पाठोपाठ झाल्या होत्या. पेपर हातात आला नव्हता, आणि कुणाशी बोलायचं म्हटलं तर बोटीवर कुंजुमोनशिवाय होतं कोण? त्यानं बोट मुक्कामाच्या बाजूला हाकली आणि बहिणीच्या कालव्याच्या तोंडाकडं पाहिलं. आतली जलपर्णी झुपक्याझुपक्यानं बाहेर कायलमध्ये सरकत होती. म्हणजे पाणी उतरतंय. तो खाली गेला, इंजिनाच्या शेजारी पालथा पडला, तोंड फिरवून कॉकवर हात घातला आणि अर्धा फिरवला. वर येऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा धुतले. आणि काठापासून बऱ्याच अंतरावर त्यानं बोट वीस मिनिटं गोल फिरवली.

“किती छान फिरवतायत,” टोपीवाला म्हणाला.

पहाटे पंचा आणि नेसायला कोरं मुंडू, म्हणजे पांढरी लुंगी, काखेत घेऊन पुष्करन होडीत बसला आणि कालव्यात शिरला. चार हात आत गेला असेल नसेल, वल्हं पाण्यातून वर काढलं तर त्याला कागद चिकटलेला. त्यानं वल्हं झटकलं. पुढं पाण्यावर साय धरावी तसा पिवळट थर, दोन्ही काठांपर्यंत. त्यात लंगोट तरंगत होता, आणि बाकीचंही सगळं होतं, त्याचं नाव घेण्यासारखं नाही. त्यानं होडीच्या काठावर वाकून कोरडे उमासे काढले. ‘हरामखोर,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘कालव्याच्या तोंडाशी सोडलीय, हरामखोरांनी!’ कुठल्या बोटीचं असेल ह्याचा त्यानं विचारही करायला घेतला. संध्याकाळी आसपास दुसरी बोट उभीच नव्हती, हे आठवेपर्यंत होडी पायऱ्यांना लागली होती.

विलासिनी पायऱ्यांवर उभी होती. एकवस्त्र, केस मोकळे. वरच्या पायरीवर केळीच्या पानावर तीळ, दर्भ आणि भाताचे पिंड मांडून ठेवलेले. कामाआधी तोंडाचा पट्टा सुरूच होता.

“बघितलंस? बघितलंस का? अरे, आईच्या दिवशी! ज्यानं हे सोडलंय ना, त्याचा मुडदा बसो. त्याच्या बायकोनं हेच वाढावं त्याला ताटात, वर तूप घालून! काल दिवेलागणीला सगळं बाहेर होतं तिकडं कायलवर. मला वास आला, म्हटलं जाईल कुठंतरी. आणि पहाटे वारा फिरला तसं सगळं माझ्या दारात.”

“वारा?” पुष्करन म्हणाला.

“मग काय! दुपारचा वारा बाहेर ढकलतो, पहाटेचा आत आणतो. आता हेच मार्चपर्यंत. पाणी कुठं हलतंय?”

“ओहोटी…”

“कसली ओहोटी? दारं पडली ना सोमवारी! पोलिस आणून पाडली. तू काय ढगात राहतोस?” तिनं केसांची गाठ मारली. “तू ओळखतोस सगळ्या बोटवाल्यांना. शोधून काढ मला, कोण आहे तो मेला. मी जाऊन त्याच्या दारात बसते.”

“काढतो,” पुष्करन म्हणाला.

त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि त्या आवाजाची किळस आली. त्यानं काल पाहिलेली जलपर्णी ओहोटीनं चालली नव्हती, वाऱ्यानं चालली होती. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस, वारा आणि पाणी ह्यांतला फरक विसरला. आणि विसरला कारण त्याला तो विसरायचा होता. दारांबद्दल एक फोन केला असता तर कळलं असतं. त्यानं तो केला नव्हता. न कळलेलं सोयीचं असतं.

विलासिनीनं पदर खोचला आणि पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाऊल टाकलं. पाणी तिच्या घोट्याला लागलं. तो पिवळा थर तिच्या पायाभोवती फुटला आणि पुन्हा जुळला. बुडी मारल्याशिवाय पिंडाला हात लावता येत नाही. ओलेत्यानंच द्यायचे असतात.

“चेची, नको उतरूस.”

“का? घरात बादलीनं न्हाऊन आईला देऊ? तिनं मला ह्या पाण्यात पोहायला शिकवलं.”

“नको म्हणतो ना!”

“अरे, झालंय काय तुला?”

पुष्करन खाली बघत होता. “ते माझं आहे,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी मीच फिरवला. मला वाटलं दारं उघडी आहेत.”

पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला. विलासिनीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, लहानपणी अंग घासल्यावर कानामागं मळ राहिलाय का ते बघायची तसं.

“आणि दारं उघडी असतात तेव्हा?” तिनं विचारलं.

“तेव्हा… ओहोटीला. लांब जाऊन.”

“म्हणजे कॉक गंजलेला नाही.”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. आणि तिसऱ्या पायरीवर उतरली.

“चेची! आता कशाला उतरतेस? सांगितलं ना मी!”

“अरे वेड्या, तुला काय वाटतं, आज पहिल्यांदा आलंय हे? हंगामात रोज येतं. कधी थोडं, कधी जास्त. हातानं बाजूला सारते, बुडी मारते, वर येऊन पुन्हा बादलीभर विकतचं ओतून घेते. पैसे असले तर. नसले तर नाही. ह्या कालव्यावरच्या बायका काय करतात असं वाटत होतं तुला?” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच पुष्करनला तो ऐकवत नव्हता. “चाळीस बोटींची घाण अंगावर घेते मी. एवढंच म्हणायचे मनाशी, की ह्यात आपल्या पुष्कराचं काही नाही.”

मग तिनं दोन्ही हातांनी तो थर बाजूला सारला, ताकावरचं लोणी सारावं इतक्या सवयीनं, आणि डोकं पाण्याखाली घातलं. एकदा, दोनदा, तीनदा. वर आली तेव्हा खांद्याला काहीतरी चिकटलं होतं. तिनं ते बोटानं उडवलं. पापण्या पुसल्या. कालव्याच्या तोंडाशी हाऊसबोटीच्या गच्चीवर टोपीवाला उठून बसला होता, आणि फोन डोळ्यांसमोर धरून ओलेत्या बाईचा फोटो घेत होता.

“ये,” विलासिनी म्हणाली. “भात गार होतोय. आईला ताटकळत ठेवू नकोस.”

पुष्करननं सदरा काढला. तो पायऱ्या उतरू लागला. घोट्याला लागलं, पोटऱ्यांना लागलं, मांड्यांना काहीतरी मऊ चाटून गेलं आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पाय मागं यायला बघत होते. तो छातीभर पाण्यात बहिणीशेजारी उभा राहिला, डोळे गच्च मिटले, ओठ मिटले आणि दोन बोटांनी नाक धरलं.

“नाक सोड,” विलासिनी म्हणाली. “मी कधी धरलं नाही.”